दाजींचे अंगठे

(मीरा रोड, पेणकरपाडा. मालिश करणारे दाजी आणि त्यांची बायको सुलू यांचं घर. सुलूचा भाचा निकेत आलाय.)

दाजी : म्हणून सांगतो निकेत, माणसाच्या अंगाला हात लावून त्याचं दुःख काढणं, याच्याएवढं थोर काम पृथ्वीवर नाही. राजे गेले, राज्यं गेली, मालिश राहिली. जरा ही तेलाची बाटली उघडून दे. अंगठ्यांना जोर येत नाही.

निकेत : काय झालं अंगठ्यांना?

दाजी : इतकी वर्षं लोकांच्या पाठीत घातले. तिथेच राहिले.

निकेत : काका, मी सिरियसली विचारतोय. मसाज थेरपीचा कोर्स आहे, सर्टिफिकेटवाला. फायदे-तोटे सांगा ना.

दाजी : फायदा म्हणजे मान. पालथा पडलेला माणूस तुला देव म्हणतो.

सुलू : आणि उठल्यावर?

दाजी : उठल्यावर चष्मा लावतो. बाजारात दिसला की भेंडी निवडत बसतो, मान वर करत नाही.

सुलू : ह्यांनी दारावर 'मसाज' अशी पाटी लावली, तर सेक्रेटरी आले. 'दाजी, फॅमिलीवाली बिल्डिंग है.'

दाजी : त्यांची कंबर मीच सरळ केलेली. चांगले ताठ उभे राहून बोलले.

निकेत : पण गिऱ्हाइकं तर टिकली ना?

दाजी : टिकली होती. मग नया नगरात ते गरम मशीनचं बेड आलं. नुसतं पडायचं, आतून गोळे फिरतात. ट्रायल फुकट. ती ट्रायल संपतच नाही. माझं शेवटचं गिऱ्हाईक तिकडेच पडलेलं असतं.

सुलू : बरं वाटतं पण त्याने.

दाजी : तुला काय माहीत?

सुलू : मी जाते ना. दिवाळीपासून.

दाजी : मालिशवाल्याची बायको मशीनवर?

सुलू : मालिशवाल्याने बायकोची कंबर कधी दाबली?

दाजी : घरी यायचो तेव्हा हातात काही उरायचं नाही, सुलू.

सुलू : माहितेय. म्हणून तर कधी म्हटलं नाही.

दाजी : ऐकलंस ना, निकेत? कुरिअरच्या ऑफिसातली नोकरी सोडू नकोस. पंख्याखाली बसतोस, कोणी पाठ दाखवत नाही.

निकेत : सोडली. काल.

सुलू : काल? मग आज विचारायला कशाला आलास?

निकेत : आधी विचारलं असतं तर काका नको म्हणाले असते, आत्या.

दाजी : बरोबर आहे. म्हणालो असतो.

सुलू : परत घेतील का रे? जाऊन पाया पड त्यांच्या.

निकेत : गेलो होतो सकाळी. माझ्या खुर्चीवर दुसरा बसलाय. बाबांना अजून सांगितलं नाहीये.

दाजी : हात बघू. हं. अंगठे चांगले आहेत. काही वर्षं टिकतील.

निकेत : आणि त्यानंतर?

दाजी : त्यानंतर बाटली उघडायला कुणीतरी भाचा येतो.

सुलू : मी निघते. उशीर झाला की लाइन जिन्यापर्यंत येते. निकेत, चहा ठेवलाय, गाळून घे. ह्यांना पण दे, कप दोन्ही हातांत दे.

दाजी : सुलू.

सुलू : काय?

दाजी : माझा पण नंबर लाव. अंगठ्यांचं काही करतात का, तेवढं विचार.