पहिल्याच भागात

कोथरूडच्या बसथांब्यावर दोन शेजारणी माझ्यापुढे उभ्या होत्या.

“सरोजिनीताई, तुमची ती खुनांची मालिका परत सुरू होतेय.”

“बघेन. पण पूर्णिमा, मागच्या सीझनला शेवटाची पार वाट लावली त्यांनी. या वेळी तरी खुनी लवकर कळू नये, एवढीच आशा.”

“भाऊ पहिल्याच भागात ओळखायचे. बरं, ते गेले त्या संध्याकाळी मी त्यांच्यासाठी खीर दिली होती ना, ती वाटी तुमच्याकडेच राहिलीये.”

“रिकामी कशी परत देऊ?”

“चालेल हो रिकामी.”

“काल मालिकेची जाहिरात लागली आणि हे खुर्चीतून बोलले.”

“कोण?”

“आमचे हेच, तुमचे भाऊ. म्हणाले, या वेळचा खुनी अगदी सोपा आहे.”

“मालिकेतला?”

“मालिकेचं नाव नाही काढलं. म्हणाले, पूर्णिमाची वाटी धुऊ नकोस.”