कायद्यात बसेल इतकं वऱ्हाड

बसथांब्यावर उभ्या असलेल्या निशानं मोबाइलवरचं गाणं केव्हाच बंद केलं होतं, इअरफोन मात्र कानातच ठेवले होते. पुढचे दोघे कामगार त्यामुळे बिनधास्त बोलत होते.

"जयसिंगकाका, माझ्या लग्नाला आपल्या अख्ख्या कारखान्यानं यायचं बरं का."

"अख्ख्या? बिलाल, तुला लग्न करायचंय की संप?"

"म्हणजे?"

"निम्मे कामगार ठरवून एकाच दिवशी रजेवर गेले, की तो संप. नवा कायदा आहे. साहेबांनी गेटवर कागदच लावलाय."

"अहो, सगळे बिर्याणी खायला येणार!"

"कायद्याला बिर्याणीचा वास येत नाही. सुट्टीच्या दिवशी का नाही ठेवलंस?"

"हॉल मिळाला नाही. साहेबांनाही पत्रिका दिलीय."

"ते खुशाल येतील. ते पाहुणे, आपण संपकरी."

हसू लपवायला निशानं बंद गाण्यावर मान डोलावली.

"तुम्ही युनियनचे सेक्रेटरी. रीतसर संपाचीच नोटीस देऊन टाका की."

"देतो. नोटीस दिली की समेटाची बोलणी सुरू होतात, आणि बोलणी चालू असताना संप करता येत नाही."

"मग संपाचा हक्क?"

"तो आहे ना. फक्त वापरायचा नाही."

"काका, तुम्ही तरी याल ना?"

"मी आलो तर रजेवाले बरोबर निम्मे भरतील. बाकीच्यांबरोबर मी कामावर थांबतो. बिर्याणी गेटवर पाठव."

"सगळ्यांची?"

"पाठव, पण थोडी थोडी. सगळे एकदम जेवायला बसलो, तर तोही संप धरतील."