स्पीडब्रेकर आला की उतरा

त्या स्पोर्ट्स कारचं नाव काढू नका भिया, डोकं फिरतं माझं. बायकोचे गुडघे गेलेत, आणि आमचा संजू घरची चांगली गाडी विकून सुदामा नगरातली जुनी, दोनच दरवाज्यांची कार घ्यायला निघाला. ट्रायलला मला मागे कोंबलं. पहिल्याच स्पीडब्रेकरला गाडीचा मालक म्हणतो, "काकाजी, जरा उतर जाओ, वजन से नीचे घिसती है." दोघांनी सीट दुमडून मला ओढून काढलं, पलीकडे नेऊन परत कोंबलं. दुसऱ्या ब्रेकरलाही तेच. मग मी बसलोच नाही. मालकाच्या दारी पोचलो तर संजू विचारतो, "बाबा, कशी वाटली गाडी?"

म्हटलं, "मला काय विचारतोस गाढवा, मी तर पायी आलो. आता आईलाही असंच दर ब्रेकरला उतरवणार का?"