जवळचं न दिसणारा कॅमेरा

मी जव्हार तालुक्यातल्या वांगणीला मास्तर होतो आणि शाळेत नुकताच डिजिटल कॅमेरा आला होता, तेव्हाचं सांगतो. शेजारच्या जानीबाईच्या निराधार योजनेच्या अर्जाला फोटो हवा होता, आणि अर्ज द्यायचा तो शेवटचा दिवस. गुडघ्यामुळे तिला जव्हारपर्यंत येणं जमत नव्हतं. फोटो मी काढायचा, तिकडे छापून घ्यायचा आणि अर्जाला लावायचा, असं ठरलं. बाहेर जीपवाला हॉर्न देत होता.

चेहरा मोठा यावा म्हणून मी कॅमेरा अगदी तिच्या नाकापाशी धरला. पण बटण दाबलं की पडद्यावरची चौकट लाल व्हायची आणि फोटो निघायचाच नाही. मी सेल बदलले, भिंग पुसलं, बंद करून परत चालू केला. तरी तेच.

"मास्तर, याला जवळचं दिसत नाय का?" जानीबाईने विचारलं.

"तसंच झालंय काहीतरी."

"मग मागं सर ना. सुई ओवताना मी पण लांबच धरते."

मी दोन पावलं मागे सरलो. चौकट हिरवी झाली आणि फोटो निघाला, एकदम स्वच्छ! मी पळत निघालो, तर तिने हात धरला.

"हा सरकारला दे. आता एक माझा काढ, हसताना."

मी जीपवाल्याला ओरडून सांगितलं, "थांब रे, अजून एक राहिलाय!"