काठोकाठ चहा

किर्गिझस्तानातल्या ओश शहरात, दवाखान्यात सायराचा नंबर यायला अजून वेळ होता. तिच्या मागच्या बाकावर दोन म्हातारे गप्पांत रंगले होते.

"केनेश, ऑपरेशन होऊन वर्ष झालं, आणि पोट सुटलं की रे तुझं!"

"मेंदूकडून पोटात येणारी ती व्हेगस का कोण नस, ती ऑपरेशनात दुखावली ना. पोट भरलेलं कळायचंच नाही. परातभर पुलाव एकटा हाणायचो."

"मग?"

"मग बायको शेजारी बसायला लागली. पुरे झालं, की माझी चहाची वाटी काठोकाठ भरायची."

"नवऱ्याला काठोकाठ? तसा चहा नकोशा पाहुण्याला देतात, आता उठा म्हणून!"

"तेच तर! भरली वाटी दिसली की हात आपोआप थांबायचा. डॉक्टर म्हणाले, मेंदू नवी खूण शिकतोय."

"अजून भरते?"

"भरते. पण महिना झाला, वाटीच्या आधीच कळतं मला."

"मग सांग की तिला! उगाच दोन घास जास्त खातोस."

"खातो. चाळीस वर्षं ती चुलीपाशी मागाहून एकटी जेवली. आता माझ्या शेजारी बसते."