बिनसाखरेचा भोपळा

मुलांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर सासू, सून, सुनेचा नवरा आणि सात महिन्यांचं बाळ. हळू बोलायची अक्कल एकालाही नव्हती.

"आई, बाळाच्या भोपळ्यात पुन्हा साखर घातलीत?"

"एवढीशीच गं. नुसता भोपळा थुंकतंय बिचारं."

"थुंकू दे. पुन्हा पुन्हा दिला की चव कळेल. गोडाला सोकावलं तर भाजीला तोंड लावणार नाही."

"माझा लेक साखरेवरच वाढवला मी. काय वाईट झालं?"

"तुमचा लेक अजून भाजी पोळीखाली लपवतो!"

"मला कशाला मध्ये ओढता?"

"कारण बाळ तुमचंच बघून तोंड वाकडं करतं. हा घ्या बिनसाखरेचा डबा. त्याच्यासमोर एक चमचा हसत खा."

"खातो की. त्यात काय एवढं?"

"मग खा ना!"

"आई, साखर दे ना गं जरा!"