लग्नघरातला दारूगोळा

यमुना : “फटाके माळ्यावर, काडेपेटी चुलीपाशी! दोघांची गाठ पडली तर माझ्याकडे रडत येऊ नका!” दिवाळी आली की तुझे आजोबा असे गरजायचे. मी आणि तुझी मावशी चंद्री परकरातल्या होतो तेव्हा.

जागृती : आई, आमच्या अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यात आजही तेच गरजतात, फक्त गणवेश घालून. पण पाहुण्यांचं बोल. उद्या तुझ्या सिद्धेशची हळद, खोल्या चार. कोण कुठे झोपणार?

यमुना : तुम्ही तुमचा दारूगोळा कसा लावता? तस्साच लावू.

जागृती : आम्ही आकार बघत नाही, फुटल्यावर काय होईल ते बघतो. एक फुटला की अख्खा ढीग उडतो, तो पहिला वर्ग.

यमुना : तुझा गंगाराममामा. तो भडकला की पोरंही भडकतात. मागची खोली.

जागृती : दुसरा, ज्याचे तुकडे लांबवर लागतात.

यमुना : माझी नणंद! बोलते उमेळ्यात, लागतं विरारला.

जागृती : तिसरा, नुसता पेटणारा. चौथा, आपल्या खोक्यातच फुस्स होणारा.

यमुना : तुझे बाबा. त्यांना कुठेही टाक. आणि गो, बंदूक कितव्या वर्गात?

जागृती : बंदूक म्हणजे हत्यार. तिच्यातून सुटतो तो दारूगोळा.

यमुना : म्हणजे तोंड हत्यार, शब्द दारूगोळा!

जागृती : चंद्रामावशी राहिली.

यमुना : राहिली तर राहू दे.

जागृती : अजून त्या उकडहंडीच्या भाजीवरून? तीन वर्षं झाली गं.

यमुना : भर पंगतीत म्हणाली, मीठ हिच्या हातून सांडतंच! माझ्या जावांसमोर!

जागृती : मग सोपं आहे. स्फोटकं आणि त्यांना उडवणारी टोपी आम्ही एका खोलीत ठेवतच नाही. मावशीला शेजारी केनीकाकूंकडे झोपवू.

यमुना : टोपी ती ना?

जागृती : पाळीपाळीने दोघी. पण त्याचीही गरज नाही. तिचा फोन होता. हळद लागली की रिक्षाने नंदाखालला परत जाते म्हणाली.

यमुना : रात्रीची? तसले गुडघे घेऊन?

जागृती : तुला बरंच की.

यमुना : आणि रिक्षात चढताना हात कोण देणार तिला?

जागृती : आई?

यमुना : फोन लाव. माझ्या खोलीत दोन गाद्या घाल.

जागृती : नियम मोडतोय हं.

यमुना : लाव म्हणते ना! ... चंद्रे? मी. जाऊ नको गो उद्या. तुझ्यावाचून करमत नाही मला.